फुलं भरपूर पण फळ एकही नाही, असं का होतं?

टेरेसवर किंवा बाल्कनीत भाज्या लावणाऱ्यांचा सगळ्यात कॉमन प्रश्न कुठला असेल तर हाच, की वेल मस्त वाढलाय, पानं हिरवीगार आहेत, रोज फुलं येतायत आणि तरी दुधी काही धरत नाही, किंवा बोटाएवढा बारकुसा दुधी दिसतो आणि तीन-चार दिवसांत पिवळा पडून गळून जातो. टोमॅटोचंही तेच, फुलाचा देठ पिवळा पडतो आणि जरा हात लागला की फूल खाली. मग कोणी सांगतं खत कमी पडलंय, कोणी म्हणतं एप्सम सॉल्ट टाका, कोणी ताक फवारायला सांगतं, आणि आपण एकेक करत सगळं करून बघतो. यातल्या बऱ्याच गोष्टींचा त्या प्रॉब्लेमशी संबंधच नसतो. फळ धरतं म्हणजे आत नक्की काय होतं एवढं एकदा कळलं ना, की आपल्या कुंडीत गाडी कुठे अडलीये ते आपलं आपल्यालाच शोधता येतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

झाड फळ बनवतं ते बियांसाठी. फुलात पुंकेसरांवर जी पिवळी पावडर असते ते परागकण आणि फुलाच्या मधोमध जो चिकटसर भाग असतो ती कुक्षी. परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक अतिशय बारीक नळी फुटते, ती खाली बीजांडापर्यंत पोचते आणि मग तिथे बी तयार व्हायला लागतं. आता महत्त्वाचं पुढे आहे. हे वाढणारं बी ऑक्सिनसारखी संप्रेरकं तयार करतं, आणि झाडासाठी तो निरोप असतो की इथे बी धरलंय, इकडे अन्न पाठव. हा निरोप आला नाही तर झाड त्या फुलावर काहीच खर्च करत नाही, देठात एक थर तयार होतो आणि फूल तिथून सुटून पडतं. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मधे एक गाठ दिसते बघा, फूल बरोबर त्या गाठीवरच तुटतं, म्हणजे तोडायची जागा झाडाने आधीपासूनच तयार ठेवलेली असते.

आणि एका बीला एक परागकण लागतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मका बघा. कणसाच्या टोकाला जे रेशमी केस असतात त्यातला प्रत्येक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो, ज्या केसावर पराग पडला तो दाणा भरतो आणि ज्यावर नाही पडला तो रिकामा राहतो. म्हणून कुंडीत हौसेने दोनच मके लावले की कणसं विरळ दातांसारखी येतात, कारण मक्याचा पराग वाऱ्याने उडतो आणि एवढ्याशा दोन झाडांचा पराग इकडेतिकडेच जातो. मका लावायचाच असेल तर आठ-दहा तरी रोपं लावा आणि एका ओळीत न लावता चौकोनात, जवळजवळ. काकडीचंही असंच, काकडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, वाकडी आली तर बऱ्याचदा अर्थ असा की पराग अर्धवटच पोचलाय, ज्या भागात बिया धरल्या तो भाग फुगला आणि बाकीचा तसाच राहिला.

आता वेलांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

दुधी, दोडका, घोसाळं, कारलं, काकडी, लाल भोपळा, पडवळ, या सगळ्यांना एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. ओळखायला सोपं आहे, मादी फुलाच्या मागे देठाच्या जागी एक छोटंसं फळ आधीच असतं, दुधीला छोटा दुधी, कारल्याला खरबरीत छोटं कारलं, आणि नर फुलाच्या मागे नुसता सरळ देठ. ते छोटं फळ बघून लोकांना वाटतं चला दुधी धरला, पण तो धरलेला नसतो, ती नुसती तयारी असते, पराग मिळाला तरच पुढे वाढणार. आणि सुरुवातीला आठ-दहा दिवस, कधीकधी त्याहून जास्त, फक्त नर फुलंच येतात. या दिवसांत जी फुलं गळतात ती गळायचीच असतात, नर फूल एक दिवस उमलतं आणि पडतं, त्यात काही बिघडलेलं नाही. तेव्हा घाबरून खतं घालायची काहीही गरज नाही. पुढे मादी फुलं सुरू झाल्यावरही नर फुलं त्यांच्या कितीतरी पट असतात, तेही नॉर्मल आहे.

मादी फुलं यायला लागली आणि तरी बारकी फळं पिवळी पडून गळतायत, तर पहिला संशय पराग न पोचण्यावर घ्या. या वेलांचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, कीटकच लागतो. आणि इथे अजून एक गोष्ट आहे जी फारसं कोणी सांगत नाही, ती म्हणजे प्रत्येक वेलाची वेळ वेगळी. लाल भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं ही पहाटे किंवा सकाळी लवकर उमलतात, भोपळ्याचं फूल तर ऊन चढायला लागलं की मिटायला लागतं. दुधी मात्र संध्याकाळी उमलतो, पांढरं फूल, रात्रीचे पतंग त्याच्यावर येतात. दोडकाही संध्याकाळचा, आणि पडवळाचं ते झालरीसारखं सुंदर पांढरं फूल तर अंधार पडताना उमलतं. दोडका आणि घोसाळं एवढे जवळचे नातेवाईक, दोघांची फुलं पिवळी, पण एक संध्याकाळी उमलतं आणि एक पहाटे! मला ही गोष्ट फार आवडते. म्हणजे सकाळी दहा वाजता आरामात चहा पिऊन कोणी दुधीला हाताने पराग लावायला गेलं, तर ते फूल कोमेजलेलं असतं, मग म्हणतात हॅन्ड पॉलिनेशन करून पण उपयोग झाला नाही.

करायचं कसं ते सांगते. त्याच वेळी ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढून टाका, आत पिवळा दांडा राहील, त्याला बोट लावून बघा, पिवळी पावडर बोटाला लागली पाहिजे. मग तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने फिरवा. तिथे साधारण तीन फुगीर पाकळ्यांसारखे भाग दिसतील, तिन्हींना नीट लागला पाहिजे, एकाच बाजूला लावून सोडलं तर तेच, वाकडं फळ. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. नर फूल त्याच वेलावरचं चालतं, दुसऱ्या वेलाचं पाहिजेच असं नाही, पण एकच वेल असेल तर कधीकधी असं होतं की ज्या दिवशी मादी फूल उमललं त्या दिवशी एकही नर फूल नाही, म्हणून जागा असेल तर एकाच भाजीचे दोन-तीन वेल ठेवावेत. वेगवेगळ्या भाज्यांचं मात्र चालत नाही, दोडक्याचा पराग दुधीला लावून दुधी धरणार नाही.

पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याकडे, दिवसभर झड लागली की दुहेरी अडचण होते, मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि पराग भिजून गोळा होतो. सकाळी उमलणाऱ्या वेलांसाठी तेव्हा एक सोपी गोष्ट करता येते, उद्या उमलणार अशी पिवळी पडलेली, टरारलेली नर कळी आदल्या संध्याकाळी तोडून घरात पाण्याच्या ग्लासात ठेवायची, सकाळी ती आतच उमलते आणि पराग कोरडा मिळतो. मादी कळीवर रात्रभर छोटी पिशवी किंवा कागदी द्रोण उलटा घालून ठेवता आला तर अजून चांगलं.

काहींना वाटतं हाताने पराग लावणं म्हणजे काहीतरी जुगाड आहे, निसर्गाच्या विरुद्ध वगैरे. तसं अजिबात नाही. खजुराला माणूस हजारो वर्षं असं करत आलाय, आणि व्हॅनिलाचं तर सगळं उत्पादनच यावर उभं आहे. १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाला हाताने पराग लावायची सोपी पद्धत शोधून काढली आणि आजही जगभरातल्या व्हॅनिलाच्या बागांत मुळात तीच पद्धत वापरतात. बारा वर्षांचा मुलगा! आपल्याकडे सीताफळवालेही हे करतात, कारण सीताफळाच्या फुलात मादी भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे एका फुलाचा पराग गोळा करून दुसऱ्या ताज्या फुलाला लावावा लागतो.

मादी फुलंच येत नाहीत, अशी तक्रार असेल तर मुद्दा वेगळा. वेलात नर जास्त की मादी जास्त हे इथिलीन आणि जिबरेलिन या संप्रेरकांवर बऱ्यापैकी अवलंबून असतं, इथिलीनने मादी वाढतात आणि जिबरेलिनने नर. उष्णता, मोठे दिवस आणि जास्त नत्र यांनी नर फुलांकडे कल जातो, त्यामुळे एप्रिल-मेमधे नुसती नर फुलं दिसली तर नवल नाही. यूट्यूबवर थ्रीजी कटिंग म्हणून जे दाखवतात ते यासाठीच असतं, मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, त्याला फांद्या फुटतात, मग त्या फांद्यांचे शेंडे खुडायचे, आणि तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. दुधी-कारल्याला हे खरंच लागू पडतं कारण त्यांना बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात, पण काकडीच्या काही जाती मुख्य वेलावरच फळतात, त्यांचा शेंडा खुडला तर नुकसानच, म्हणून पाकिटावरची जात बघून ठरवा, सरसकट कात्री चालवू नका.

टोमॅटो, वांगी, मिरची यांची कथा निराळी. इथे एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे पराग लांब न्यायचा प्रश्न नाही, पण टोमॅटो-वांग्यात पराग एका नळीसारख्या पुंकेसरात बंद असतो आणि तो बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. बागेत हे काम काळा मोठा भुंगा करतो, तो फुलाला लटकतो आणि छातीचे स्नायू जोरात थरथरवतो, तेव्हा आवाजच वेगळा येतो, नीट ऐकलंत तर कळेल. आपल्या नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. युरोपात काचेच्या हरितगृहांमधे टोमॅटोची फुलं माणसं कंपनाचं यंत्र लावून हलवायची, मग १९८७ च्या सुमारास बेल्जियममधे बंबलबीच्या वसाहती विकायला सुरुवात झाली आणि ते काम माश्यांकडे गेलं. आपल्याला एवढं काही लागत नाही, उघड्या गच्चीवर वारा असतो तो पुरतो बऱ्याचदा, पण ग्रिल आणि जाळी लावलेली बंद बाल्कनी असेल तर सकाळी दहा ते एकच्या दरम्यान, कोरड्या हवेत, फुलांच्या गुच्छाच्या देठाला टिचकी मारायची, किंवा जुना इलेक्ट्रिक टूथब्रश असेल तर तो देठाला दोन-तीन सेकंद टेकवायचा. एक-दोन दिवसाआड केलं तरी फरक दिसतो.

वांग्याबद्दल एक खास सांगायचंय कारण लोक उगाच हळहळतात. वांग्याच्या फुलात मधली दांडी कधी पुंकेसरांच्या बाहेर लांब आलेली असते आणि कधी आत आखूड राहिलेली असते. आखूड दांडीची फुलं जवळपास धरतच नाहीत, ती गळणारच, आणि प्रत्येक झाडावर अशी फुलं असतात. त्यामुळे वांग्याचं प्रत्येक फूल वांगं व्हावं ही अपेक्षाच ठेवू नका.

टोमॅटोच्या फुलगळीचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मात्र उष्णता आहे, आणि दिवसाच्या उष्णतेइतकीच रात्रीची. दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्री पारा चोवीस-पंचवीसच्या खाली उतरतच नसेल तर टोमॅटोचा पराग नीट तयार होत नाही, झालेला मरतो. विदर्भात एप्रिल-मेमधे काय होतं ते सांगायला नको, पण मुंबईवाले म्हणतात आमच्याकडे कुठे चाळीस होतं, तर तुमच्याकडे मेमधल्या रात्री सत्तावीसच्या आसपास असतात आणि टोमॅटोला ते पुरेसं त्रासदायक आहे. शिवाय नुकसान फूल उमलल्यावर होतं असं नाही, कळी बारीक असतानाच, उमलायच्या आठवडा-दहा दिवस आधी पराग बिघडलेला असतो, म्हणून उष्णतेची लाट गेल्यावरही काही दिवस फुलं गळतच राहतात. तेव्हा धीर धरायचा, ३५ टक्क्यांची शेडनेट दुपारच्या उन्हापुरती लावायची, मुळं गार राहतील असं पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं. आणि खरं सांगू का, त्यापेक्षा टोमॅटोची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमधे तयार करून थंडीत फळं घ्यावीत आणि उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी लावावी, त्या उष्णतेला कितीतरी चांगलं तोंड देतात आणि त्यांचं परागीकरणही बरंचसं आपलं आपण होतं.

पराग पोचला, हवा बरी, तरी गळतंय, तर मग झाडाला पोसायला जमत नाहीये का ते बघायचं. दुधीसारखा वेल आठ इंची कुंडीत लावून फळांची अपेक्षा करणं हा त्या वेलावर अन्याय आहे, कमीत कमी वीस लिटरची बादली किंवा मोठी ग्रो बॅग पाहिजे. ऊन सहा तास तरी थेट पाहिजे, तेवढं नसेल तर फळभाजीचा हट्ट सोडून मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना लावा, त्यांना फळ धरायचं नसतंच. पाणी कधी भरपूर आणि कधी दोन दिवस कोरडं असं झालं की झाड पहिल्यांदा फुलं टाकतं. वेलावर एखादा दुधी जून होत राहिला तरी नवीन फळं गळतात कारण सगळं अन्न त्या जून फळातल्या बियांकडे जातं, म्हणून कोवळा असतानाच काढा. आणि खताच्या बाबतीत, पानं गडद हिरवी, मोठी, वेल सुसाट आणि फुलं नाहीत, हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण आहे. अशा वेळी अजून शेणखत किंवा युरिया घालणं म्हणजे उलटंच काम. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर त्याचा उपयोग, फुलगळीवर ते औषध नाही. परागाची नळी वाढायला बोरॉन लागतो हे खरं आहे, पण त्याचा डोस अगदी नखभर असतो आणि जरा जास्त झाला की झाडाला विष, म्हणून कुंडीत चमच्याने बोरॅक्स टाकू नका, चांगलं कुजलेलं कंपोस्ट असेल तर वेगळं काही लागत नाही. दुकानात फुलगळीवर जी एनएए ची बाटली मिळते, शेतकरी मिरचीवर वगैरे मारतात ती, ती ऑक्सिनसारखंच काम करते, पण त्याच औषधाचा डोस वाढवला की ते फळं विरळ करायलाही वापरतात, त्यामुळे घरच्या चार कुंड्यांसाठी मी तरी तिकडे जाणार नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा उपाय म्हणजे मधमाश्यांना आपल्या बाल्कनीचा पत्ता कळवणं, आणि त्यासाठीच भाज्यांमधे फुलझाडं आणि तुळस-सब्जा असायला पाहिजेत. आपल्याकडे सातेरी असते, छोट्या पोळ्याची फुलोरी असते, मोठं आग्या मोहोळ असतं आणि अगदी बारकी, डंख न मारणारी पोया असते. तुळशीच्या मंजिऱ्या आपण पानं चांगली यावीत म्हणून खुडतो, तर खुडा, पण एक तुळस तरी मंजिरीवर सोडा, तिच्यावर पोया आणि सातेरी दोन्ही येतात. सब्जा त्याहून भारी. कोथिंबीर फुलावर गेली की उपटून टाकू नका, त्या पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांवर ज्या बारीक माश्या येतात त्यातल्या काहींची पिल्लं मावा खातात, म्हणजे दुहेरी फायदा. झेंडू लावाच, पण गच्च भरलेल्या मोठ्या हायब्रिड गेंदापेक्षा साधा एकेरी पाकळीचा बघा, गच्च फुलात पाकळ्याच पाकळ्या असतात आणि पराग-मध शोधायला माशीला वाव नसतो. कॉसमॉस, झिनिया, सूर्यफूल हेही छान. उथळ ताटलीत पाणी आणि त्यात टेकायला चार खडे ठेवा. भुंग्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात सुका बांबू किंवा वाळलेलं लाकूड राहू द्या, तो त्यात भोक पाडून घर करतो.

महाबळेश्वरजवळचं मांघर हे गाव २०२२ मधे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथे घरोघरी मधपेट्या आहेत. शहरात आपण तेवढं नाही करू शकणार पण फवारणीची वेळ तरी सांभाळू शकतो. कडुनिंबाचं तेल असलं तरी उमललेल्या फुलांवर मारायचं नाही. सकाळी उमलणाऱ्या वेलांवर संध्याकाळी फवारा, आणि दुधी-दोडक्यावर सकाळी लवकर, फुलं मिटल्यावर आणि ऊन तापायच्या आत.

एक फरक ओळखायला शिका, म्हणजे चुकीचा उपाय होणार नाही. पराग न मिळालेलं फळ वाढतच नाही, टोकाकडून पिवळं पडत आक्रसतं आणि गळतं, चिरून बघितलं तर आत काही नसतं. पण फळ थोडं मोठं झालं, मग त्यावर बारीक टोचल्याची खूण, डिंकासारखा थेंब, आणि चिरल्यावर पांढऱ्या अळ्या, तर ती फळमाशी. तिथे परागाचा काही संबंध नाही, तिथे क्यू ल्युरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या वासाचा सापळा टांगायचा, किडकी फळं कुंडीत न टाकता बंद पिशवीत घालून घराबाहेर काढायची आणि धरलेल्या फळाला कापडी किंवा कागदी पिशवी बांधायची.

करटोली कुंडीत लावायचा विचार असेल तर त्यात अख्खा वेलच नर किंवा मादी असतो, म्हणून कंद आणताना दोन्ही आहेत का ते विचारून घ्या, नुसते मादी वेल लावले तर जवळपास दुसरीकडे नर वेल असल्याशिवाय करटोली मिळणार नाहीत. आणि ज्यांचा फ्लॅट खूप वरच्या मजल्यावर आहे, जिथे माशी फिरकतच नाही आणि पहाटे उठून हाताने पराग लावणंही शक्य नाही, त्यांनी काकडीचं बी घेताना पॉलीहाउससाठीची, परागाशिवाय फळ धरणारी जात मागा, दुकानदाराला पार्थेनोकार्पिक म्हटलं की कळतं. त्या वेलाला बहुतेक सगळी मादीच फुलं येतात आणि बिया न धरताही काकडी वाढते. बी महाग असतं, एकेक मोजून मिळतं, त्यामुळे एकदम पाकीट न रुजवता दोन-दोन करून लावा, म्हणजे काकडी टप्प्याटप्प्याने येत राहील.